आईच्या बाटल्यांचे वाडगे

दिवाणखान्यात मांडलेल्या वाडग्यात काय ठेवायचं असतं, याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. समोरच्या काकूंनी विचारलं, इमारतीच्या सेक्रेटरींनी विचारलं, सुताराने विचारलं, आणि सही घ्यायला दारात उभ्या असलेल्या कुरिअरवाल्यानेही मान आत घालून विचारलं, "यात काय ठेवता?" मी ग्रंथालयात काम करते. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो आणि क्रमांक असला की जागा सापडतेच, अशी माझी निदान नोकरीपुरती तरी श्रद्धा होती. वाडग्यांनी तिच्यावर पाणी फिरवलं.

वाडगे होण्याआधी त्या बाटल्या होत्या. आईच्या. आई काचेची बाटली कधी टाकून देत नसे. सॉसची, मधाची, जॅमची, डोक्याला लावायच्या तेलाची, खोकल्याच्या औषधाची, कसलीही असो, ती धुऊन, पालथी घालून, वाळवून माळ्यावरच्या लाकडी मांडणीवर चढवली जाई. मांडणी बाबांनी स्वतः ठोकलेली होती. बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या असत, शाळेच्या फोटोत मुलं असतात तशा. कशाला ठेवतेस म्हटलं तर "लागतात" एवढंच उत्तर मिळे. कशाला लागतात हे विचारायची सोय नव्हती. आई गेली तोवर त्यातली एकही लागली नव्हती.

ती गेल्यानंतर दादा आला होता, तेव्हा बॅग काढायला माळ्यावर चढला आणि बराच वेळ खालीच उतरला नाही. उतरला तो धुळीने माखलेला. "हे घर आहे की गोदाम?" एवढंच म्हणाला. पण दर रविवारी फोनवर त्याच वाक्याला फांद्या फुटू लागल्या. बाबा दिवसभर आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून असतात, बाहेरच्या खोलीत येत नाहीत, मी कामावर जाते, घर भकास झालंय, त्या बाटल्यांत बसून त्यांचं काय होणार. शेवटी ठरलं. पुढच्या महिन्यात तो येणार आणि जाताना बाबांना कायमचं आपल्याकडे घेऊन जाणार.

बाबांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. ते "जातो" म्हणाले असते तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. आई नाही, आता बाबाही नाहीत म्हटल्यावर घरात मी आणि बाटल्या उरणार होतो, आणि त्यात बहुमत बाटल्यांचं होतं.

अशा मनःस्थितीत ग्रंथालयात आलेल्या एका मासिकात मला तो फोटो दिसला. एक साधी खोली. टेबलावर, खिडकीत, कपाटावर वाडगे मांडलेले. जुन्या बाटल्यांची काच वितळवून केलेले, आणि प्रत्येक काचेचा वाडगा जुन्या लाकडाच्या वाडग्यात बसवलेला. सगळे हाताने घडवलेले, म्हणून कुठलेही दोन सारखे नाहीत. खोलीत माणूस नव्हता. पण तो आत्ताच उठून आत गेलाय आणि येईलच, असं ती खोली बघून वाटत होतं. मला तसं घर हवं होतं. दादाने आत पाऊल टाकावं आणि गोदाम हा शब्द त्याच्या घशात अडकावा, एवढीच माझी माफक महत्त्वाकांक्षा होती. बाटल्या आमच्याकडे होत्या. मांडणीचं लाकूड होतं. भट्टी तळमजल्यावर होती.

भट्टी दातांच्या डॉक्टरांची. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, यांनी काचकामाचा वर्ग लावला आणि बाल्कनीत विजेची भट्टी आणून बसवली. उभ्या हयातीत त्यांच्याशी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात काही ना काही घातलेलं असायचं, त्यामुळे समोरचा उत्तर देईल ही कल्पनाच त्यांना नाही.

"डॉक्टर, वेगवेगळ्या बाटल्यांची काच एकत्र वितळवली तर चालते ना? मी कुठेतरी वाचलं होतं की—"

"वाचलेलं विसरा. काच म्हणजे काच."

"पण थंड होताना म्हणे—"

"दुखणार नाही," डॉक्टर सवयीने म्हणाले.

मलाही तेच ऐकायचं होतं. एकेक बाटली हातात घेऊन हिचं काय करायचं, तिचं काय करायचं, असे निर्णय मला घ्यायचे नव्हते. सगळ्या एकदमच वितळल्या की प्रश्न मिटत होता.

बाटल्यांवरची लेबलं काढायची म्हणून न्हाणीघरातल्या सगळ्या बादल्या आणि टब त्यांनी भरून गेले. काही दिवस मी एका तांब्याच्या आधारावर आंघोळ केली. बाबा एकदा दारात येऊन उभे राहिले आणि बाही वर करू लागले. मी त्यांना "तुम्ही बसा, मी करते" म्हणून परत पाठवलं. ते गेले आणि बसले.

खरी अडचण बाटल्या खाली नेताना आली. पोत्यात भरलेल्या बाटल्या लिफ्टमध्ये गप्प बसत नाहीत. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबली की किणकिण होई, दार उघडे, समोरचा माणूस आधी पोत्याकडे बघे, मग माझ्याकडे, मग "तुम्ही व्हा पुढे" म्हणून जिन्याकडे वळे. तिसऱ्या खेपेनंतर समोरच्या काकू चहा घेऊन आल्या. दार लावून घेतलं. खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"अगं, माझ्या भावाचंही असंच झालं होतं. एकटेपणा वाईट बघ. पण उपाय आहेत आता. तुझे बाबा दिवसा घेतात का संध्याकाळीच?"

"काय घेतात?"

"आता माझ्यापासून काय लपवायचं?"

"काकू, त्या बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या आहेत."

काकूंचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! म्हणजे खोकल्याचं औषधसुद्धा?"

हे मी रात्री जेवताना बाबांना सांगितलं. सांगावं की नाही असं झालं होतं, कारण आमच्या घराण्यात आजवर कोणी सोड्याच्या पलीकडे गेलेलं नाही. बाबांनी घास सावकाश चावून संपवला.

"म्हणून काल बँकेत जायला निघालो, तर सेक्रेटरी माझा हात धरून पायऱ्या उतरवत होता."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"बरं चाललं होतं," बाबा म्हणाले. "इतक्या वर्षांत तो माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता."

आई गेल्यापासून बाबांच्या तोंडून एका दमात निघालेलं हे सर्वांत मोठं भाषण होतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं आणि जास्त काही दाखवलं नाही.

सेक्रेटरींचा हा जिव्हाळा फार टिकला नाही. डॉक्टरांनी भट्टी पेटवली आणि इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत सेक्रेटरी होते, अंड्यांचा ट्रे घेऊन. संध्याकाळी फलकावर नोटीस लागली: निवासी इमारतीत भट्टी चालवण्यास सक्त मनाई. डॉक्टर बाहेर येऊन नोटिशीसमोर उभे राहिले आणि म्हणाले की ती भट्टी नाही, वैद्यकीय उपकरण आहे. सेक्रेटरी म्हणाले, वैद्यकीय असेल तर रुग्ण कोण? दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

शेवटी अर्ज करायचं ठरलं. आमच्या सेक्रेटरींचा अर्जावर फार जीव. माणूस बुडत असेल तर आधी लेखी द्या म्हणतील, आणि दिलं तर खरंच उडी मारतील.

"वस्तू कशासाठी, ते लिहा," ते म्हणाले.

"शोभेसाठी."

"शोभेसाठी मंजुरी देता येत नाही, मॅडम. उद्या प्रत्येकाला शोभा हवी होईल. उपयोग लिहा."

मी बराच विचार करून 'बहुउद्देशीय पात्रे' असं लिहिलं. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. दुपारी सगळे झोपलेले असतात तेव्हा भट्टी लावायची, या अटीवर त्यांनी सही केली. पेनाचं टोपण लावता लावता खासगी आवाजात विचारलं, "पण खरंच, ठेवणार काय त्यात?"

इकडे सुताराकडे मांडणीच्या फळ्या गेल्या होत्या. वाडगा कातायचा तर लाकूड जाड लागतं, फळ्या तर पातळ. तेव्हा त्याने त्या एकावर एक चिकटवून ठोकळे केले आणि कातायच्या यंत्रावर लावले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "ताई, ही मांडणी कोणी केली होती? लाकडापेक्षा खिळेच जास्त आहेत. माझं हत्यार मोडलं."

फोन मोठ्याने बोलत होता. बाबा आतून म्हणाले, "बाटल्यांचं वजन काय कमी होतं? पक्की असावी म्हणून मारले होते खिळे."

"पक्की आहेच, काका," सुतार तिकडून म्हणाला. "माझ्या दुकानासकट मोडेल, पण सुटायची नाही."

हे ऐकून बाबांना राग आला की आनंद झाला, ते कळलं नाही.

तर अशा रीतीने वाडगे घरी आले. लाकडी वाडगे पट्ट्यापट्ट्यांचे, जिथे खिळा काढला तिथे काळा ठिपका असलेले, आणि एक तर कायमचा डावीकडे कललेला. त्यांत काचेचे वाडगे अगदी घट्ट बसले. काचेचा रंग सांगणं कठीण आहे. तपकिरी म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर मधूनच निळी रेघ. खिडकीत ऊन आलं की मात्र ते आतून पेटल्यासारखे दिसत, आणि मी कपडे वाळत घालताना उगाच थांबून बघत असे.

काकू बघायला आल्या. "छान आहेत हो," म्हणाल्या, आणि 'हो' लागला की आमच्या काकू खोटं बोलत असतात. "पण असे वाडगे मांडून बसलीस तर येणाराजाणारा काहीतरी टाकून जाईल गं."

टाकणारा घरातच निघाला. एका वाडग्यात बाबांचा चष्मा दिसू लागला. दुसऱ्यात संपलेले सेल, एक किल्ली आणि कुठल्याशा कोटाचं बटण. आणि सर्वांत मोठ्या, सर्वांत देखण्या वाडग्यात एका दुपारी बाबांची कवळी. मी ती काढून आत नेऊन ठेवली. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा मात्र त्यांचे डोळे पाणावले. आपल्या दोन्ही विद्या एकत्र आलेल्या त्यांना बघायला मिळाल्या.

मग एका संध्याकाळी 'टिंग' असा आवाज झाला.

"कोण आलं?" बाबांनी आतून विचारलं.

कोणी आलं नव्हतं. सगळे वाडगे जागच्या जागी, शहाण्यासारखे बसलेले. सकाळी धूळ पुसायला मी एक वाडगा त्याच्या लाकडातून उचलला, तर अर्धाच हातात आला. वरून पाहिलं तर काही कळत नव्हतं. लाकडाने दोन तुकडे असे घट्ट धरून ठेवले होते की वाडगा अखंड दिसत होता.

मी तुकडा घेऊन तळमजल्यावर गेले. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, उलटासुलटा केला.

"अस्सं होय. काय आहे, प्रत्येक काच थंड होताना आपापल्या परीने आकसते. वितळतात एकत्र, पण आत ओढाताण चालूच राहते. मग कधी ना कधी तडा जातो. उद्या जाईल, नाहीतर वर्षाने."

"डॉक्टर, हेच मी तुम्हाला विचारत होते!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. मी तोंड उघडून उभी राहिले आणि त्यांनी वाकून आत पाहून घेतलं. "डावीकडची अक्कलदाढ दाखवून घ्या कुणाला तरी."

दादा यायला आठवडा उरला होता आणि घरात माझी महत्त्वाकांक्षा एकेक करून टिंग म्हणत होती. कामावर मला सुचेना. पुस्तकांवर शिक्के उलटे पडू लागले. आई असती तर "लागतात म्हणून ठेवल्या होत्या, वितळवायला नव्हे" असं म्हणाली असती, आणि मग दिवसभर काही बोलली नसती. ती काही म्हणत नव्हती, हे त्याहून जड होतं.

बाबांचं मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. दुसरी टिंग झाली तेव्हा ते आतून उठून बाहेर आले. तिसरीच्या वेळी आधीच बाहेर होते. त्यांनी आपली खुर्ची दिवाणखान्यात आणली, पेपर आणला आणि तिथे बसून वाट बघू लागले.

"आज तो कललेला जाणार बघ," ते म्हणत.

"कशावरून?"

"त्याचं तोंडच सांगतंय."

कललेला जात नसे, खिडकीतला जाई, आणि बाबांना ते मनापासून लागे. उठून जवळ जात, कान लावत. मी ओरडत असे, "बाबा, हात लावू नका, कापेल! तुम्ही बसा बघू." ते परत येऊन बसत.

फुटलेले वाडगे टाकायचे नाहीत, असं मी ठरवलं. लाकडात आहेत तोवर ते चांगले दिसत होते, आणि दादा दोन दिवसांसाठी येणार होता. कोणी उचलला नाही म्हणजे झालं. जगातली पुष्कळ घरं याच तत्त्वावर उभी असावीत.

दादा सकाळी आला. बूट काढले आणि मोज्यांवर आत येऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला. ऊन बरोबर खिडकीत होतं. त्याने सगळीकडे सावकाश नजर फिरवली, आणि गोदाम हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

"छान दिसतंय गं घर," तो म्हणाला. "या आईच्या बाटल्या?"

मी मान हलवली.

चहा झाला. बाबा खुर्चीत, आम्ही दोघं सोफ्यावर. दादाने खिशावर हात ठेवला. "तिकीट परवाचं आहे. खोली तयार केलीय बाबांची. दिवसभराची बाई ठेवलीय. पाणीसुद्धा उठून घ्यावं लागणार नाही त्यांना."

"इथेही लागत नाही," मी म्हणाले.

"तू कामावर जातेस."

"जाताना सगळं हाताशी ठेवून जाते. बिछानासुद्धा घालू देत नाही मी त्यांना."

"माझ्याकडे बूटसुद्धा कोणीतरी चढवून देईल."

"औषधं मी स्वतः—"

बाबा एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर त्यांचाच लिलाव चालला होता आणि बोली वाढतच होती. माझ्या बाजूला आणखी काय मांडावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात दादाने बोलता बोलता हात लांब केला.

"आणि यात ठेवायचं काय असतं?" म्हणत त्याने तो मोठा, देखणा वाडगा लाकडातून उचलला.

मी "दादा!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. वाडगा त्याच्या हातात उमलला. एक भाग टेबलावर, एक फरशीवर, आणि फरशीवरच्याचे मग इतके तुकडे झाले की खोलीभर ते उड्या मारत गेले. दादाच्या हातात काचेची कड तेवढी उरली. मी इतके दिवस जपलेलं सगळं आता बोलून टाकावं लागणार होतं, की सगळेच असे आहेत, एकालाही हात लावू नकोस. मी उठू लागले.

"पाय वर घ्या."

बाबा कधी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन कधी आले, आम्हाला कळलं नाही. एका हातात झाडू होता, दुसऱ्यात सुपली. आवाज खणखणीत.

"दोघंही. काच आहे."

विचार करायच्या आधी आम्ही पाय वर घेतले. माझा भाऊ, ज्याच्या हाताखाली एक अख्खं ऑफिस आहे आणि ज्याची दाढी आता पांढरी व्हायला लागलीय, मोजे घातलेले पाय सोफ्यावर घेऊन, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसला. शेजारी मी तशीच.

"बाबा, द्या इकडे, मी—"

"वर!"

मी पाय परत वर घेतला.

बाबा झाडू लागले. घाई नव्हती. आधी सोफ्याखाली, मग टेबलाच्या पायांभोवती, मग कपाटाची फट. कंबरेत वाकताना एक हात गुडघ्यावर ठेवत होते, पण वाकत होते. मधेच त्यांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. फिकट हिरवा.

"ही माझ्या खोकल्याच्या औषधाची," दादा म्हणाला.

"खोकल्याची तपकिरी असते," मी म्हणाले. "ही तिच्या तेलाची आहे."

"दोघांनाही काही माहीत नाही," बाबा म्हणाले. "ही सॉसची. हॉटेलात जेवायला गेलो होतो. बाटलीतला सॉस संपला, आणि तुमच्या आईने ती गुपचूप पर्समध्ये घातली. मी दाराकडे बघत बसलो होतो, वेटर येतोय का."

"आईने? हॉटेलातून?"

"रिकामी होती," बाबा म्हणाले. "वर मलाच म्हणाली, एवढं काय घाबरता."

आधी मी हसले. मग दादा हसला, मोठ्याने, सोफा हलेपर्यंत. आणि मग त्याचं हसणं मधेच कुठेतरी वळलं आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं. आई गेली तेव्हा सगळी धावपळ त्याने केली होती. रडायला त्याला वेळ मिळाला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी आमच्याकडे न बघता कपाटाखालचा कोपरा पुन्हा एकदा झाडून काढला.

"तुझ्याकडे झाडू कुठे असतो?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

दादाने डोळे पुसले. प्रामाणिकपणे विचार केला. "माहीत नाही."

"मला तिथे कोणी हातात घेऊ देईल?"

"नाही."

"हं," बाबा म्हणाले. "हीसुद्धा देत नव्हती."

"आजही मी दिला नाही, बाबा. तुम्ही घेतलात."

"तेच." त्यांनी सुपलीतली काच जुन्या पेपरात ओतली, पुडी बांधली, आणि पुडीवरून हात फिरवून कुठे टोक बाहेर आलंय का ते पाहिलं. "माझं तिकीट रद्द कर. तू राहा चार दिवस. खिडकीतले उरलेले आपण दोघं मिळून बघू, कुठला शाबूत आहे, कुठला नाही. हिला काही ठोकून बघता येत नाही, नुसती ओरडते."

दादा माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीकडे बघत होते, कारण मला दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं.

"मग आता पाय खाली घेऊ?" त्याने विचारलं.

बाबा फरशीजवळ वाकले, मान तिरकी केली आणि उन्हाच्या रेघेत एकेक फरशी निरखून पाहिली. चांगला वेळ घेतला.

"नाही," ते म्हणाले. "अजून बसा तसेच."

आणि ओलं फडकं आणायला आत गेले.